पीडीएफमधले फोटो मूळ स्वरूपात बाहेर कसे काढायचे? (गावच्या स्मरणिकेतले)

आगरातली | सोम, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या (चिपळूण तालुका) उत्सव मंडळाने २००९ साली सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली होती. त्यात १९६०च्या आगेमागे काढलेले बरेच कृष्णधवल फोटो आहेत. सहाणेवरची (उत्सवात पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरची) पालखी, कौलारू देऊळ, उत्सवातल्या नाटकांचे संच, मिशा काढून सुभद्रा झालेले गावकरी वगैरे. मूळ फोटो मंडळाच्या कपाटात होते आणि कपाट होतं बाजारपेठेतल्या एका सभासदाच्या दुकानात. २२ जुलै २०२१ला बाजारपेठेचं काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नकोच. स्मरणिकेचं डीटीपी ज्यांनी केलं त्यांचा संगणकही त्याच पुरात गेला.

आता हाताशी आहे ती फक्त स्मरणिकेची पीडीएफ. ९६ पानं, सत्तरेक फोटो, फाइल ११ एमबीची. यंदा शिमग्याला सहाणेजवळ मंडप घालून फोटोंचं प्रदर्शन करायचं ठरतंय, १२ बाय १८ इंचांचे फोटो. स्क्रीनशॉट काढून एक नमुना छापून बघितला तर चेहऱ्यांच्या जागी चौकोन चौकोन दिसतात.

प्रश्न दोनच. फोटो जसे आत आहेत तसेच बाहेर निघतात का? आणि ते एवढे मोठे छापता येतील का?

तिरफळ | सोम, रात्री ९:३०

झूम ४०० टक्के करा, मग स्क्रीनशॉट काढा. विषय संपला. पुढचा धागा आंब्यावर काढा.

जांभाचिरा | सोम, रात्री १०:०५

तिरफळ, नाही हो संपत विषय.

आगरातली, पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो नव्हे. फाइलमध्ये अक्षरं वेगळी, फॉन्ट वेगळे आणि फोटो वेगळे ठेवलेले असतात. पानाच्या वर्णनात फक्त ‘हा फोटो इथे, इतक्या रुंदीत दाखव’ एवढीच सूचना असते. पानावर तीन इंचांचा दिसणारा फोटो आत दोन हजार पिक्सेलचाही असू शकतो नि दोनशेचाही. स्क्रीनशॉटमध्ये तुम्हाला मिळतात तुमच्या पडद्याचे पिक्सेल. फोटोच्या मूळ पिक्सेलांपलीकडे झूम केलंत तर प्रोग्राम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, नवीन तपशील कुठून आणणार?

बरं, जेपेग फोटो पीडीएफमध्ये बहुतेक वेळा जेपेग म्हणूनच असतो. तो जसाच्या तसा उचलून बाहेर ठेवला की झालं, पुन्हा दाबला जात नाही, एक कणही कमी होत नाही.

यासाठी पॉपलर नावाचा फुकट संच आहे, त्यातला पीडीएफइमेजेस हा प्रोग्राम वापरा. उबुंटूवर पॉपलर-युटिल्स नावाने मिळतो, विंडोजसाठीही तयार झिप मिळते. (कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या.) लगेच फोटो काढायला धावू नका, आधी यादी बघा: पीडीएफइमेजेस, मग डॅश लिस्ट, मग फाइलचं नाव. प्रत्येक फोटो कुठल्या पानावर, किती पिक्सेल रुंद, किती उंच, कुठल्या पद्धतीने दाबलेला आणि पानावर किती पीपीआयने (इंचाला किती पिक्सेल) बसवलेला, हे सगळं रांगेत दिसेल. ती यादी इथे टाका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

यादी बघून झाली की डॅश लिस्टच्या जागी डॅश ऑल आणि डॅश पी, मग फाइल, शेवटी नावाचा उपसर्ग. ऑलमुळे जो फोटो ज्या प्रकारात आहे त्याच प्रकारात निघतो. तो घातला नाही तर पीपीएम नावाच्या अगडबंब फायली पदरात पडतात. पीमुळे फाइलच्या नावात पान क्रमांक येतो, सत्तर फोटोंत त्याची फार मदत होते.

सोलकढी | सोम, रात्री १०:२१

एवढा कुटाणा कशाला? पीडीएफ चढवली की फोटोंची झिप हातात देणाऱ्या वेबसाइटी ढिगाने आहेत. मी नेहमी वापरते.

ओसरीवरचा | सोम, रात्री १०:४०

सोलकढी, गावची स्मरणिका चढवायला माझी काही हरकत नाही, ती सगळ्या गावाने वाचलीय. पण एकदा सवय लागली की माणूस आधार कार्ड, बँकेचं स्टेटमेंट, खरेदीखत, सगळंच तिथे चढवतो. आमच्या शेजारच्यांनी आधारमधला फोटो हवा म्हणून ई-आधार पासवर्डसकट कुठल्याशा साइटवर दिलं. पासवर्ड तो काय, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ज्याचा पासवर्ड त्यालाच पाठ नसतो!

पासवर्डवाल्या फाइललाही जांभाचिरांचा प्रोग्राम चालतो. डॅश यूपीडब्ल्यू लिहून पुढे पासवर्ड द्यायचा. फाइल घराबाहेर जात नाही.

सोलकढी | सोम, रात्री १०:४४

मुद्दा मान्य. पण काळ्या खिडकीत कमांड लिहायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, त्याचं काय?

जांभाचिरा | सोम, रात्री १०:५८

मग लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडा. फोटोवर उजवी टिचकी, सेव्ह. मराठी मजकूर वेडावाकडा दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका, आपल्याला फोटोशी मतलब. पाचदहा फोटोंना ठीक आहे, सत्तरांना कंटाळाल. ॲक्रोबॅटची विकतची आवृत्ती असेल तर सगळे फोटो एकदम बाहेर काढायची सोय तिच्यात आहेच.

मालवणी_खाजा | सोम, रात्री ११:१५

माका ह्या कमांडीचा काय्येक समाजणा नाय. कॉम्प्युटर झिलान मुंबयक नेल्यान, माझ्याकडे मोबाईल हा फक्त. मोबायलार जमात काय?

जांभाचिरा | सोम, रात्री ११:२३

जमता. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप घ्या, त्यात पॉपलर बसवता येतं. पण त्यातही कमांडच लिहायची आहे.

मालवणी_खाजा | सोम, रात्री ११:२६

मगे ऱ्हवांदे. झील गणपतीक येतलोच हा.

ऑफसेटकाका | मंगळ, सकाळी ७:५०

आयुष्य छापखान्यात गेलं, म्हणून दोन शब्द.

आगरातली ताई, यादी यायच्या आधीच थोडं भविष्य सांगतो. ११ एमबीत सत्तर फोटो म्हणजे सरासरी जेमतेम दीडशे केबीच वाट्याला येतात. छपाईला जाणारी फाइल अशी नसते. २००९मध्ये आम्ही एकाच पुस्तकाच्या दोन पीडीएफ करायचो. एक छपाईची, ३०० पीपीआयवाली, ती सीडीवर घालून पाठवायची. दुसरी कमिटीला ईमेलने मुद्रितं तपासायला. तिच्यासाठी ॲक्रोबॅटमध्ये ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ निवडायचं. ते काय करतं, तर जे फोटो १५० पीपीआयच्या वर असतील त्यांना सरळ १००वर आणून ठेवतं. तुमच्याकडे बहुतेक ही दुसरी आली आहे. यादीत पीपीआयच्या रकान्यात १००, १०० अशी रांग दिसली तर समजा काका बरोबर होते.

म्हणून मी म्हणतो, छपाईची सीडी शोधा. छापखान्यात विचारा, कमिटीतल्या जुन्या लोकांना विचारा. कोकणातल्या हवेत सीडीला बुरशी धरते हे खरं, पण मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसून पुष्कळ सीड्या वाचलेल्या मी पाहिल्या आहेत. गोल गोल पुसू नका.

तिरफळ | मंगळ, सकाळी ८:१०

काका, आता सीडी ड्राइव्ह कुठून शोधायचा? तो बुरशी धरलेल्या सीडीपेक्षा दुर्मिळ झालाय.

देवगडची_मास्तरीण | मंगळ, दुपारी १:३५

जरा अवांतर, पण जवळचंच. शाळेचे अहवाल, स्नेहसंमेलनाचे वृत्तांत असं सगळं आम्हाला वर्डमध्ये येतं आणि त्यातले फोटो कुणीतरी कायम मागत असतं. वर्डच्या फाइलला पॉपलर-बिपलर काही लागत नाही. डॉकएक्स फाइल ही मुळात झिप असते. तिची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा, उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर असतं, त्यात सगळे फोटो ओळीने बसलेले सापडतात. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल असेल तर एक्सएल फोल्डरमधलं मीडिया. लिब्रेऑफिसच्या ओडीटीत फोल्डरचं नाव पिक्चर्स. जुन्या डॉक फायलींना हे लागू नाही, त्या आधी डॉकएक्स म्हणून सेव्ह करून घ्यायच्या.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला म्हणजे कापलेला भाग गेला असं नसतं. तो नुसता झाकलेला असतो, मीडिया फोल्डरात अख्खा फोटो निघतो. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयाने ‘स्वच्छता मोहिमेचा’ अहवाल पाठवला होता. अहवालात झाडू धरलेले पाच जण. झिपमध्ये तोच फोटो पूर्ण निघाला, तर शेजारी चुलीवर मोठा टोप नि मागे वड्यांच्या पिठाचा गोळा!

कापलेलं खरंच काढून टाकायचं असेल तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण करायची.

तिरफळ | मंगळ, दुपारी १:४१

मोहिमेनंतर टोप स्वच्छ झाला असणारच. अहवाल खोटा नाही.

ओसरीवरचा | मंगळ, दुपारी २:०२

मास्तरीणबाईंच्या मुद्द्याला जोड. मोबाइलवर काढलेला फोटो वर्डमध्ये टाकला तर कधीकधी फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही त्याच्याबरोबर आत राहतात. झिपमधून काढलेल्या फोटोच्या प्रॉपर्टीज उघडून बघा. बागेतल्या चोरीची तक्रार निनावी केली, फोटो जोडला, आणि त्यात आपल्याच अंगणाचा पत्ता, असं नको व्हायला.

आगरातली | मंगळ, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. भाच्याने पॉपलर बसवून दिलं. यादी लांबलचक आहे, सगळी टाकत नाही. सारांश असा:

बहुतेक फोटोंसमोर पीपीआय १००. ऑफसेटकाका, साष्टांग नमस्कार. थोडे १२०-१४०वाले आहेत. रुंदी साधारण ४०० पिक्सेल, पानभर फोटो ८००च्या आसपास.

तीन गोष्टी कळत नाहीत.
पान ३१वरचा पालखीचा फोटो एक नाही, त्याच्या वीसबावीस आडव्या पट्ट्या निघाल्या आहेत.
काही फोटोंबरोबर जोडीला एक नुसता काळा-पांढरा छाप येतो, यादीत त्याच्यापुढे एसमास्क लिहिलंय.
मुखपृष्ठावरचा देवीचा रंगीत फोटो निगेटिव्हसारखा दिसतो. चेहरा निळा, आकाश तपकिरी. सासूबाईंनी बघितला नि लॅपटॉप बंद करायला लावला.

जांभाचिरा | मंगळ, रात्री ९:२०

एकेक घेऊ.

एसमास्क: फोटोच्या कडा विरघळवल्या असतील, किंवा गोल आकारात बसवला असेल, तर पारदर्शकता वेगळ्या करड्या चित्रात ठेवतात. पांढरं तिथे दिसायचं, काळं तिथे लपायचं. तुम्हाला चौकोनी छापायचा असेल तर तो छाप सोडून द्या. उलट मास्कमुळे पानावर लपलेला भागही मूळ फोटोत असतो, कोपऱ्यात उभं असलेलं कुणी सापडायचं.

पट्ट्या: पारदर्शकता पीडीएफमध्ये आली ती १.४ या आवृत्तीत, म्हणजे २००१ साली. पण छापखान्यांना सुरक्षित म्हणून नंतरही बरीच वर्षं १.३ प्रकारची फाइल करायची पद्धत होती. अशा वेळी फोटोला सावली किंवा पारदर्शक पट्टी लावलेली असली की प्रोग्राम ती सावली फोटोत मिसळवतो आणि मिसळवताना फोटोचे तुकडे करतो. पट्ट्या क्रमाने असतील तर इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्राममध्ये अपेंड म्हणून खालोखाल जोडता येतात, जोडलेलं पीएनजी म्हणून ठेवा म्हणजे पुन्हा दाबलं जाणार नाही. पण मधूनच उभे तुकडेही असतील तर जोडण्यात आयुष्य घालवू नका. पॉपलरमध्येच पीडीएफटूपीपीएम आहे. डॅश पीएनजी, डॅश आर ३०० लिहून फक्त ते पान चित्र करून घ्या आणि त्यातून फोटो कापा.

तिरफळ | मंगळ, रात्री ९:२४

थांबा थांबा. पानाचं चित्र करायचं आणि त्यातून फोटो कापायचा. याला आमच्या गावात स्क्रीनशॉट म्हणतात!

जांभाचिरा | मंगळ, रात्री ९:३१

फरक इतकाच, की हा पडद्याच्या मापाचा नाही, मागाल त्या मापाचा. पण चला, पट्ट्यांपुरता विजय तुमचा.

तिरफळ | मंगळ, रात्री ९:३२

पेढे वाटण्यात येतील.

ऑफसेटकाका | मंगळ, रात्री १०:०५

निळ्या देवीचं मी सांगतो. मुखपृष्ठ चार रंगांत छापायचं म्हणून तो फोटो सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) केलेला आहे. अशा जेपेगमध्ये आकडे बऱ्याचदा उलटे साठवलेले असतात. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामला ते माहीत असतं, बाहेर काढलेला फोटो दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रामला नसतं. फोटो बिघडलेला नाही. फोटोशॉपमध्ये उघडून बघा, तिथे नीट दिसला तर आरजीबी (पडद्याच्या रंगपद्धतीत) करून सेव्ह करा. नाहीतर तेही पान ३००ने चित्र करून घ्या. सासूबाईंना सांगा, देवी सुखरूप आहे.

आता महत्त्वाचं. ४०० पिक्सेलचा फोटो १८ इंचांवर ताणलात तर इंचाला बावीस पिक्सेल पडतात. प्रदर्शनात लोक चारपाच फुटांवरून बघतात, तिथे इंचाला शंभर पुरतात, पण बावीस म्हणजे चौकोनच. पानभर फोटो ८००चे आहेत ते सहा-आठ इंचांवर बरे दिसतील. बाकीचे पोस्टकार्डाच्या मापाला कसेबसे.

पण तुमच्याकडे छापील स्मरणिका आहे ना? ती धुंडाळा. कारण छापील प्रत त्या मोठ्या फाइलवरून निघाली आहे, ईमेलवाल्या फाइलवरून नाही. आर्ट पेपरवर (गुळगुळीत कागदावर) १५० लाइनच्या स्क्रीनने, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या दीडशे ओळींच्या जाळीने, छापलेल्या फोटोत या पीडीएफपेक्षा कितीतरी जास्त तपशील शिल्लक असतो.

कातळावरचा | मंगळ, रात्री १०:३८

काकांशी असहमत. छापील फोटो म्हणजे ठिपके. स्कॅन केला की जाळी नि लाटा दिसतात. मी वर्तमानपत्रातल्या कात्रणांवर डोकं फोडलंय. पीडीएफमध्ये छोटा का असेना, स्वच्छ फोटो आहे.

ऑफसेटकाका | बुध, सकाळी ७:३०

वर्तमानपत्राची स्क्रीन भरड असते आणि कागद शाई पितो. त्याची नि आर्ट पेपरची बरोबरी करू नका. कृष्णधवल फोटो एकाच रंगात छापले असतील तर स्क्रीनही एकच, सहसा ४५ अंशांत. लाटा उठतात त्या कमी डीपीआयने स्कॅन केल्यामुळे. ६०० डीपीआयने, करड्या छटांत, कागद किंचितही न हलवता स्कॅन करा. स्कॅनरमध्ये डीस्क्रीन (ठिपके घालवायची सोय) असेल तर चालू करा. नसेल तर स्कॅन झाल्यावर अगदी हलकं धूसर करून आकार निम्मा करा, ठिपके एकमेकांत मिसळतात. चार इंचांच्या फोटोतून असे बाराशे पिक्सेल हातात राहतात. पीडीएफमध्ये चारशे आहेत. हिशेब तुम्हीच करा. शिवण फाडायची नाही, पुस्तक काचेवर दाबायला एक वीट फडक्यात गुंडाळून ठेवा.

कातळावरचा | बुध, सकाळी ९:५५

ठीक, करून बघण्यासारखं आहे. आता माझाही एक प्रश्न इथेच विचारून घेतो. मी राजापूरचा. कातळशिल्पांवरच्या एका पीडीएफ अहवालातली रेखाटनं मला शाळेतल्या मुलांना दाखवायला हवी आहेत. (आपली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.) वरच्या पद्धतीने फोटो सगळे निघाले, रेखाटनं एकही नाही. यादीतही नाहीत. पानावर तर दिसतात!

जांभाचिरा | बुध, दुपारी १२:१०

कारण ती चित्रं नाहीत, रेषा आहेत. इथून तिथे रेघ ओढ, इतकी जाड ओढ, अशा सूचना पानातच लिहिलेल्या असतात. पीडीएफइमेजेस फक्त पिक्सेलवाल्या गोष्टी उचलतो. तुमची चांदी आहे, कारण रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत. इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्राममध्ये ते पान उघडा आणि नको ते खोडा. नाहीतर पॉपलरच्याच पीडीएफटूकैरोमध्ये डॅश एसव्हीजी, एका वेळी एकच पान. हत्ती भिंतभर छापलात तरी चालेल.

वेळणेश्वर_एसटी | बुध, दुपारी ३:२५

माझं उलटं झालंय. १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलं आणि त्यातून चित्रं काढली. प्रत्येक पानाची दोन-दोन निघाली. एक पिवळट धुरकट कागद, अक्षरं गायब. दुसरं नुसती काळी अक्षरं.

जांभाचिरा | बुध, दुपारी ४:०० 

स्कॅन केलेली पानं लहान फाइलमध्ये बसवायची युक्ती आहे ती. कागदाचा रंग कमी पिक्सेलमध्ये, अक्षरं जास्त पिक्सेलमध्ये पण फक्त काळी-पांढरी, दोन्ही एकावर एक ठेवायची. सुटी काढून उपयोग नाही, पान एकत्रच चित्र करून घ्यायला हवं. पण तुम्ही पीडीएफच्या मागे का लागलात? अर्काइव्हवर त्याच पुस्तकाच्या पानावर मूळ स्कॅनची जेपी२ (चित्रांचा एक प्रकार) झिप बहुतेक वेळा वेगळी ठेवलेली असते. आकाराने मोठी असते, पण पीडीएफपेक्षा चांगली.

पंचनदीकर | बुध, सायं ६:४५

फोटो काढाल हो, पण हक्कांचं काय? फोटो कुणी काढले होते? आमच्याकडे एका फोटोग्राफरच्या मुलाने कॅलेंडरवरून मंडळाला चांगलंच सुनावलं होतं.

ओसरीवरचा | बुध, सायं ७:१०

साठ वर्षं झाली की फोटो मोकळा. १९६०चे फोटो कधीच मोकळे झाले.

दस्तऐवज | बुध, रात्री ८:२०

ओसरीवरचे, तुम्ही सांगताय तो जुना नियम, आणि त्यातही साठ वर्षं फोटो काढल्यापासून नव्हे, प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची होती. २०१२च्या दुरुस्तीत १९५७च्या कायद्यातलं ते कलमच वगळलं. आता इतर कलाकृतींप्रमाणे फोटोलाही छायाचित्रकाराची हयात आणि त्यानंतर ६० वर्षं असं संरक्षण आहे.

पण उत्सव मंडळाने पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा काही करार नसेल, तर फोटोचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे मंडळ. जमाखर्चाच्या वह्यांत फोटोग्राफरला दिलेले पैसे लिहिलेले असतील तर प्रश्नच मिटला. आणि काही असलं तरी फोटोखाली काढणाऱ्याचं नाव लिहायला कायदा कशाला लागतो?

सोलकढी | बुध, रात्री ९:०५

एवढ्या चर्चेत एआय कुणीच कसं काढलं नाही? चारशे पिक्सेलचा फोटो टाकला की मिनिटभरात चार हजारांचा, चकचकीत. मी आजोळचा ग्रुप फोटो केला, अप्रतिम आला.

कातळावरचा | बुध, रात्री ९:२२

त्यातले चेहरे ओळखीचे राहिले का? आमच्या काकांच्या फोटोत पुढचे पडलेले दोन दात परत उगवले आणि टोपीची किनार नक्षीदार झाली. काकू म्हणाली, हा कोण?

ऑफसेटकाका | बुध, रात्री ९:५०

दगड, कौलं, झाडं यांना करा हवं तर. माणसांच्या चेहऱ्याला नको. गावात त्या नटांची मुलं, नातवंडं फोटोसमोर उभी राहणार आहेत. प्रोग्रामने अंदाजाने काढलेला बाप त्यांना का दाखवायचा? लहान छापा, पण तोच माणूस छापा.

सोलकढी | बुध, रात्री ९:५८

माझ्या आजोबांचे दात तरी शाबूत राहिलेत. पण पुन्हा मूळ फोटो शेजारी ठेवून बघते.

पंचनदीकर | गुरु, सकाळी १०:१५

फोटोखालचा मजकूरही पीडीएफमधून कॉपी होईल ना? कुणाचं काय नाव ते पुन्हा टाइप करायला नको.

ऑफसेटकाका | गुरु, सकाळी १०:४०

२००९ची स्मरणिका म्हणजे श्रीलिपीसारखा युनिकोडपूर्व फॉन्ट असणार. कॉपी केलंत की ‘´ÖÖ»ÖÖ’ असला अगम्य ऐवज पडेल. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण सत्तर ओळींसाठी टाइप केलेलंच बरं. त्या निमित्ताने नावंही तपासून होतील.

आगरातली | शनि, रात्री ९:३०

थोडी प्रगती. छापखान्यात विचारलं, इतकी जुनी सीडी ते ठेवत नाहीत. पण गुरवांच्या घरी माळ्यावर छापील स्मरणिकेच्या प्रती निघाल्या. एकीला वाळवी, दुसरी जवळजवळ कोरी. काकांनी सांगितलं तसं ६००ने स्कॅन केलं, वीट फडक्यात गुंडाळून ठेवली. नाटकाच्या संचाचा फोटो पीडीएफमधल्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. पीडीएफमध्ये मागच्या रांगेतले चेहरे म्हणजे करडे ठिपके आहेत, स्कॅनमध्ये कुणाचा कुठला चेहरा ते ओळखू येतं.

मात्र सगळीकडे छापील प्रत जिंकली असं नाही. काही पानांवर शाई जास्त लागून सावल्या बुजल्यात, तिथे पीडीएफमधला फोटो उजवा. मुखपृष्ठाला घडी पडली आहे, ते पीडीएफमधूनच घेतलं (देवी आता निळी नाही). पट्ट्यांचा पालखीचा फोटो तिरफळ पद्धतीने.

मंडळाच्या सभेत ठरलं की १२ बाय १८ फक्त चारपाच फोटोंचे, बाकी सगळे ६ बाय ८. जमाखर्चाच्या वह्या पुरात गेल्या, पण दोन जुन्या मंडळींना फोटोग्राफरचं नाव आठवतंय, ते लिहिणार.

एक शंका उरली. स्कॅन कशात ठेवू, जेपेग की टिफ?

जांभाचिरा | शनि, रात्री ९:५२

मूळ स्कॅन टिफमध्ये (त्यात जेपेगसारखा तपशील दाबला जात नाही), त्याला हात लावायचा नाही. साफसफाई त्याच्या प्रतीवर. पीडीएफमधून निघालेले जेपेग आहेत तसेच ठेवा, टिफ करून काही वाढत नाही. आणि फोटो छापणाऱ्याला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे पुन्हा दाबले जातील. एक संच चिपळूणबाहेरही कुणाकडे ठेवा.

तिरफळ | शनि, रात्री ९:५५

‘तिरफळ पद्धत’ हे नाव पेटंट करून घेतो आहे. दस्तऐवज, वकीलपत्र घ्याल का?

दस्तऐवज | शनि, रात्री १०:१०

फी सुक्या बांगड्यात.

हर्णैवाली | रवि, सकाळी ११:२०

उशिरा आले, माफ करा. मास्तरीणबाई, तुमची झिपवाली युक्ती पॉवरपॉइंटलाही चालते का? आईच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला शाळेने फोटोंचं प्रेझेंटेशन केलं होतं. फोटो कुणाकडेच नाहीत, फक्त ती पीपीटीएक्स फाइल आहे.

देवगडची_मास्तरीण | रवि, दुपारी १२:०५

चालते. तसंच झिप करायचं, आत पीपीटी फोल्डरमध्ये मीडिया. फाइलमध्येच व्हिडिओ नि गाणी घातली असतील तर तीही तिथेच मिळतील. फोटोंचा क्रम मात्र स्लाइडप्रमाणे असेलच असं नाही, तेवढा तुम्हाला लावावा लागेल.